तासाने मिळणारी सायकल

भाड्याच्या सायकलींच्या वहीत सहा रकाने असायचे. नाव, सायकलीचा नंबर, नेली, आणली, पैसे आणि शेरा. पहिले पाच कुणालाही भरता आले असते. आमच्या आबांचा धंदा होता तो सहाव्या रकान्यात. ‘पुढचं चाक आउट.’ ‘घंटी गेली.’ ‘मागं काटा, पंक्चर 1.’ ‘सीट फिरते.’ 1974-75 सालची एक वही माझ्याकडे अजून आहे आणि तिच्यातलं निम्मं अक्षर माझं आहे. आबांचा हिशेब पक्का, पण लिहायचा कंटाळा. त्यात हात कायम ग्रीसने भरलेले. म्हणून शाळा सुटली की दप्तर टाकून मी दुकानात बसायची. ते खाली बसून चाक फिरवत बोलायचे आणि मी लिहायची.

‘सार्वजनिक सायकल योजना’ म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यांपुढे मोबाईल, आपोआप उघडणारं कुलूप आणि नकाशावरचे ठिपके येतात. पण एका सायकलीवर दिवसभरात पाच-सहा वेगळी माणसं बसतात आणि ती त्यांच्यातल्या कुणाचीच नसते, हा प्रकार आपल्या बाजारगावांना नवा नव्हता. अनेक वर्षं तो बिनबोभाट चालला. तो कशामुळे चालला हे मी दुकानात बसून पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

कवठे येमाई हे शिरूर तालुक्यातलं, घोड-कुकडीच्या पट्ट्यातलं गाव. शिरूरला आमच्याकडची जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 ला नगर-पुणे मार्गावर धावली, म्हणजे घोडनदीला ती पहिल्याच दिवशी दिसली. आतल्या गावांना मात्र वाट पाहावी लागली, आणि गाडी सुरू झाली तरी दिवसातून मोजक्या वेळा. एसटी ठरल्या वेळी येते; माणसाचं काम तसं निघत नाही. सविंदण्याहून फाळ शेवटून आणायचा, मलठणला कुणाची गाठ घ्यायची, टाकळी हाजीला सोयरिकीचं बोलून संध्याकाळच्या आत परतायचं, ही कामं सकाळची गाडी गेल्यावर आणि दुपारची यायच्या आधीच उभी राहायची. दोन गाड्यांमधला हा वेळ भाड्याच्या सायकलीचा होता.

स्वतःची सायकल घेणं सोपं नव्हतं. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस, सोनिपतला अॅटलस, लुधियानाला हिरो आणि एव्हन तयार होऊ लागल्या, माल गावोगाव पोचू लागला. तरी एका सायकलीला शेतमजुराची काही महिन्यांची मजुरी लागायची. लग्न ठरवताना घड्याळ, सायकल आणि रेडिओ या तिन्हींची नावं एका दमात निघत. सायकल ही मालमत्ताच होती. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने ज्या वस्तूंवर पट्टी बसवायची मुभा दिली, त्यांत बैलगाडीबरोबर सायकलही आहे.

आबा आधी घोडनदीच्या एका सायकल मार्टमध्ये पंक्चर काढायला होते. 1960 नंतर त्यांनी तीन जुन्या सायकली घेतल्या आणि एसटी थांब्याजवळ पत्र्याचं दुकान टाकलं. होता होता दहा-बारा सायकली झाल्या. मागच्या मडगार्डवर ऑइलपेंटने पांढरा नंबर. दोन बारक्या सायकली पोरांसाठी; त्यांचा नंबर नाही, त्यांना नुसतं ‘बारकी’ आणि ‘दुसरी बारकी’. तासाला वीस पैसे, दिवसाचा दीड रुपया, मुक्कामाला नेली तर वेगळा भाव. वेळ बघायला गजराचं घड्याळ. ते पाच मिनिटं पुढे आहे असा गावाचा ठाम समज होता आणि आबांनी तो कधी खोडून काढला नाही.

रविवारी पोरांची झुंबड. ज्याच्याकडे दहा पैसे, त्याला अर्धा तास. पोरगा दांडीच्या खालून पाय घालून हाफ पायडल मारत निघायचा, मागे चार जण धावायचे, आणि त्या अर्ध्या तासात चौघंही शिकून घ्यायचे. पैसे एकाचे, गुडघे सगळ्यांचे फुटलेले. आबा त्यांना हटकत नसत. ‘आज हाफ मारतंय ते उद्या फुल मारंल, मग मोठी सायकल न्यायला इथंच येईल,’ असा त्यांचा हिशेब.

वहीतली मोठ्या माणसांची नावं वाचली की गावाचा एक दिवस समोर उभा राहतो. वस्तीवरच्या शाळेत जाणारे गुरुजी महिन्याच्या बोलीवर. तलाठ्याचा माणूस. दुधाची किटली घेऊन जाणारा एक जण रोज पहाटे, त्याचे पैसे दुधाच्या पगाराला. बांगड्या विकणारे कासार. घोडनदीला कोर्टाची तारीख असलेले दोघे भाऊ. एकमेकांविरुद्ध भांडणारे, पण सायकल एकच, एक दांडीवर आणि एक सीटवर. शेऱ्यात मी लिहिलं आहे : ‘वेळेत आणली, तक्रार नाही.’

1972 चा दुष्काळ त्या वहीच्या आधीचा, पण त्याची बाकी तिच्यात पुढे ओढलेली आहे. शिरूर तालुक्याचा हा भाग तेव्हा निव्वळ जिरायत. बाजरी, हुलगे, मटकी यांवर चालणारा. त्या साली विहिरी आटल्या. माणसं खडी फोडायला आणि नालाबंडिंगच्या कामावर गेली. सायकली तासावर जायच्या बंद झाल्या आणि दिवसावर जाऊ लागल्या. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना हंडे, कळशा, डबे बांधून लोक पाणी आणायचे. त्या वजनाने रिमा वाकत, आरे तुटत. आबा रोज संध्याकाळी आरे बदलायचे आणि पैसे मात्र पुढच्या सुगीवर. पुढे पाऊस झाल्यावर कुणी पायलीभर बाजरी आणून टाकली, कुणी कडबा दिला, काहींची नावं तशीच राहिली. त्या नावांपुढे आबांनी नंतर एक आडवी रेघ मारली आहे, शेरा काही नाही.

यात्रेच्या दिवसांत धंदा रात्रीचा. चैत्र-वैशाखात गावोगावच्या देवांचे छबिने आणि तमाशे. कुकडीपलीकडे निघोजला मळगंगेची यात्रा म्हणजे आमच्या दुकानातली एकही सायकल जागेवर नाही. डायनॅमोची सायकल हवी तर जास्तीचे पैसे. बाकीचे हातात बॅटरी धरून, कुणी नुसत्या चांदण्यावर जायचे. एखाद्या वर्षी गावात सलग सायकल चालवणारा यायचा. चौकात वर्तुळ आखून दिवस-रात्र खाली न उतरता फिरायचा. सायकलवरच जेवण, सायकलवरच आंघोळ, कर्ण्यावर गाणी, शेवटच्या दिवशी छातीवर ट्यूबलाइट फोडून घेणं. त्याची स्वतःची सायकल कितीही भारी असो, मधे बिघडली तर बदली आमची. आबा त्याच्याकडून पैसे घेत नसत, कारण तो गेल्यावर आठवडाभर सगळ्या पोरांना तसंच फिरायचं असायचं.

आणखी एका कामाला पैसे नसत. कुणाकडे मयत झालं की लेकी-बाळींच्या गावाला सांगावा घेऊन माणूस निघायचा. तो दुकानात आला की काही बोलावं लागत नसे. आबा उठून चांगल्यातली चांगली सायकल काढायचे, हवा बघायचे आणि मला म्हणायचे, ‘येळ मांडू नको.’ वहीत त्या दिवशी नाव आणि नंबर आहे, ‘नेली’ कोरं आहे.

वहीत अनामत असा रकाना नाही. घड्याळ काढून ठेवायला क्वचित कुणाला सांगितलं असेल. माणूस कुणाचा, कुठल्या आळीचा, हे ठाऊक असणं हीच अनामत. सायकल मोडून गुपचूप भिंतीला टेकवून पळून जाता येत नव्हतं, कारण पळून जाणार कुठे? संध्याकाळी त्याचा बाप तंबाखू खायला दुकानात येणारच. शहाणे लोक याला गावाचा विश्वास म्हणतात आणि गहिवरतात. मला ती वही नीट वाचताना तेवढं गहिवरता येत नाही. पारधी वस्तीवरच्या माणसाच्या नावापुढे दरवेळी दुसरं एक नाव आहे, जामीन म्हणून. शेजारच्या गावातून मजुरीला आलेल्यांच्या नावापुढेही आहे. गावातल्या पाटलाच्या मुलाने सायकल तीन दिवस ठेवली तरी त्याच्यापुढे नाही. ओळखीवर चालणारा धंदा ओळख नसलेल्याला दारातच अडवतो.

बायकांची नावं त्या अख्ख्या वहीत शोधावी लागतात. एकच सापडतं, दवाखान्यातल्या नर्सबाईंचं. वाड्या-वस्त्यांवर बाळंतपणं करायला आणि लस टोचायला त्या महिन्याने सायकल घेत. नऊवारीतल्या बायका पदर तोंडाला लावून त्यांच्याकडे बघायच्या. मी दुकानातलीच, म्हणून सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत पटांगणात फेरी मारून घ्यायची. गावात मुलीने सायकलवर बसण्याचा प्रश्न सुटायला आणखी एक पिढी जावी लागली. मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळू लागला, जिल्हा परिषदेकडून सायकली मिळू लागल्या, तेव्हा कुठे हायस्कूलच्या रस्त्यावर वेण्यांची रांग दिसू लागली.

आता सहाव्या रकान्याकडे येते. लोकांना वाटायचं, आबा सायकली देऊन पैसे कमावतात. खरं काम सायकल परत आल्यावर सुरू व्हायचं. दिवे लागायच्या सुमाराला एकेक सायकल परत आली की आबा ती स्टँडला लावून मागचं चाक फिरवायचे. कानाने ऐकायचे. मग ब्रेक, मग पायडल, मग हँडल सरळ आहे का. आमच्याकडे बाभळी अमाप, शेतवाटांवर सराटे. पंक्चर नाही असा दिवस नसायचा. ट्यूब काढून पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे बघायचे, जागा कानशीने घासायची, सोल्यूशन, पॅच, वर हातोडी. वालट्यूब सुकली असेल तर नवी. रिमचा आउट काढायचा तो आऱ्यांना किल्ली देत देत, डोळ्याने. जेवायच्या आत सगळ्या सायकली सकाळच्या गिऱ्हाइकाला तयार. ज्या दिवशी आबा तापाने पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी निम्म्या सायकली बसून राहिल्या. पोरं तीच, ओळखी त्याच, रस्ते तेच. नव्हता तो फक्त चाक फिरवून बघणारा माणूस.

धंदा मोडला तो सावकाश. 1972 मध्येच शेजारच्या नगरात कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना काढायला सुरुवात केली होती. आमच्या गावात ती दिसली काही वर्षांनी, पहिली बहुधा एका गुरुजींकडे. पुढे दुधाच्या किटल्या बजाजच्या एम-80 वर चढल्या. 1985 ला हिरो होंडा आली. तिचं पेट्रोल कमी लागतं म्हणून तिच्यावर शेतकऱ्याचा जीव बसला. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, डिंभे धरणाचं पाणी आलं, बाजरीच्या जागी कांदा आणि ऊस आला, हातात पैसा आला. रांजणगावला एमआयडीसी झाली. वडापच्या जीपा सुरू झाल्या. पोरांना स्वतःच्या सायकली मिळू लागल्या. 1990 नंतर आबांनी एकेक सायकल विकली आणि दुकानात मोटारसायकलींचं पंक्चर राहिलं. ते त्याबद्दल हळहळले नाहीत. ज्याच्या दारात गाडी आली त्याने भाड्याची का न्यावी, असं त्यांचं साधं म्हणणं.

माझी मुलगी पुण्यात औंधला राहते. डिसेंबर 2017 मध्ये तिथे स्मार्ट सिटीतर्फे पेडल नावाची सायकल सेवा 100 सायकलींवर सुरू झाली. त्याच महिन्यात महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. 2018 मध्ये ओफोच्या पिवळ्या आणि मोबाइकच्या नारिंगी सायकली आल्या. काही हजार सायकली शहरभर झाल्या. मे महिन्याच्या सुटीत मी गेले, तेव्हा मुलीने सायकलीवरची क्यूआर कोडची चौकट मोबाईलने टिपून कुलूप उघडलं आणि मी बसले. मन लावून चालवली. आपल्याला कुणी बाप कोण, आळी कुठली, जामीन कोण असं विचारलं नाही, याचं मला खरंच कौतुक वाटलं. पण तिच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींकडे तेव्हा साधा फोन होता. त्यांना कुलूप उघडणार नव्हतं. जामिनाची जागा स्मार्टफोनने घेतली होती.

जगात हा प्रयोग कसा पुढे सरकला ते मी नंतर वाचलं. 1965 मध्ये अॅमस्टरडॅमला प्रोव्हो नावाच्या तरुणांच्या गटाने सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर सोडल्या. कुणीही न्याव्या, कुठेही ठेवाव्या. बिनकुलपाची सायकल रस्त्यावर ठेवता येत नाही म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. 1995 मध्ये कोपनहेगनने नाणं टाकून सायकल सुटेल अशी सोय केली. सायकल जागेवर लावली की नाणं परत. पण एवढ्याशा नाण्याने सायकल नेणारा कोण ते कळत नव्हतं, आणि त्या चोरीला जायच्या. मग कार्ड आलं. 2007 च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये वेलिब ही सायकल सेवा सुरू झाली. शेवटी चीनमधून आली ती थांब्याविना, कुठेही ठेवायची सायकल. हा सगळा इतिहास एका अर्थाने आबांच्या पहिल्या रकान्याचा आहे. नेणारा कोण हे कसं कळावं, यावर साऱ्या जगाने पन्नास वर्षं डोकं चालवलं, आणि मोबाईलने ते कोडं सोडवलंही.

शेऱ्याचा रकाना मात्र कोरा राहिला. पुण्यात त्या वर्षी सायकलींच्या मोडतोडीच्या बातम्या येत राहिल्या : कुलपं तोडलेली, सीट पळवलेली, सायकली नदीत टाकलेल्या. लोकांना शिस्त नाही, असा निष्कर्ष लगेच निघाला. शिस्त नव्हती हे खरंच. पण मुलीच्या सोसायटीबाहेर एक सायकल पुढचं टायर बसलेलं अशी उभी होती. कुठल्या कंपनीची ते सोडा. दुसऱ्या दिवशी तिची घंटी गेली, पुढे सीट, मग ती आडवी झाली आणि तिच्यावर कचऱ्याच्या पिशव्या आल्या. बिघडलेली सायकल एक रात्र तशीच राहिली की ती बेवारशी होते. तिला हात लावायला मग चोर लागत नाही. त्याच पहिल्या संध्याकाळी कुणी ट्यूब काढली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. शिवाय ज्या रस्त्यांवर सायकलसाठी वेगळी वाट आखली होती, तिथे मोटारसायकली उभ्या असायच्या. 2018 मध्येच ओफोने भारतातून अंग काढून घेतलं. त्या डिसेंबरात बीजिंगला त्यांच्या कचेरीपुढे लोकांनी रांगा लावल्या, त्या स्वतःची अनामत परत मिळावी म्हणून. पुण्यातल्या बाकीच्या सायकलीही पुढे एक-दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या.

मोठं शहर म्हणून हे जमलं नाही असंही म्हणता येत नाही आणि सगळीकडे फसलं असंही नाही. पुण्याआधी सहा महिने, जून 2017 मध्ये, म्हैसूरला कर्नाटक सरकारच्या शहरी भूवाहतूक संचालनालयाने ट्रिन ट्रिन ही सायकल सेवा सुरू केली. तेव्हा 450 सायकली, 48 थांबे. सायकल थांब्यालाच लावायची, तिथेच ती कुलूपबंद व्हायची आणि हिशेब थांबायचा. म्हणजे परत घेण्याची जागा ठरलेली. मध्यम शहराने बघायचं असेल तर पॅरिसपेक्षा म्हैसूर बघावं.

आमच्याकडेही आता हा विषय निघतो. कवठ्यासारख्या गावात याची गरज उरलेली नाही. घराघरांत दोन गाड्या आहेत, आणि पिंपरखेड-जांबूतकडे बिबट्यांनी माणसं मारल्यापासून पोरांना अंधारात सायकलवर एकटं कुणी सोडत नाही. पण दौंड वेगळं आहे. रेल्वेचं मोठं जंक्शन, रोज पुण्याला जा-ये करणारे चाकरमाने, सपाट जमीन, स्टेशनपासून घरापर्यंतचं थोडकं अंतर. घोडनदीलाही एसटी स्टँड, कॉलेज, कोर्ट आणि बाजारपेठ सायकलच्या टप्प्यात आहेत. अशा गावांना हजार सायकलींचं उद्घाटन नको. पन्नास पुरतील. थांबा पंक्चरच्या दुकानासमोर असावा, आणि त्या दुकानदाराला प्रत्येक सायकलीमागे रोजचा ठराविक पैसा मिळावा, सायकल कुणी नेवो न नेवो, चाक फिरवून बघितलं एवढ्यासाठी. ज्याच्याकडे फोन नाही त्याने त्याच दुकानात नाव सांगून सायकल न्यावी, आणि जामीन कुणालाच विचारू नये. दुकानदारांची वाण नाही. पंक्चर काढणारे अजून प्रत्येक चौकात बसलेले आहेत. योजनेच्या कागदावर तेवढे ते नसतात.

नगरपालिकेने सायकली किती घ्यायच्या, कुठल्या रंगाच्या घ्यायच्या, हे सगळ्यात शेवटी ठरवलं तरी चालेल. संध्याकाळी त्या कोण बघून घेणार आणि त्याला पगार कोण देणार, हे आधी ठरवावं.